बाळंतपणाला आलेल्या लेकीला विचारा

  आज घरातल्या दादा-काकांनाही रेडिओजवळ बसवा. कारण आज बोलायचंय ते लेकीच्या आईशी आणि बापाशी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की सातव्या महिन्यात लेक येते. बाळ सव्वा महिन्याचं, कुठे तीन महिन्यांचं झालं की परत जाते. म्हणजे निदान तीन-चार महिने ती आपल्या डोळ्यांसमोर असते. लग्नानंतर एवढा वेळ पुन्हा मिळत नाही. सासरी तिला त्रास असेल, तर तो ओळखायची हीच वेळ. पोटुशी बाईवर कोण हात टाकणार, असं आपण धरून चालतो. पण काही घरांत मारहाण गरोदरपणातच सुरू होते, काही घरांत वाढते.

लेक आपणहून बोलेल याची वाट बघू नका. खुणा बघा. दंडावर, गळ्याजवळ, पोटावर वळ आहेत आणि कारण काय, तर मोरीत पाय घसरला. पाय एकदा घसरतो, दर महिन्याला घसरत नाही. नवऱ्याचा फोन आला की ती दचकते. तपासणीला कोणी पाठवलंच नाही, म्हणून माता-बाल कार्ड कोरं आहे. कंपनीत कामाला जायची, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे. गटाचं कर्ज तिच्या नावावर, पैसे भलत्याच्याच हातात. मुलगी झाली म्हणून सासरहून कोणी बघायला आलं नाही. आणि परत जायचा दिवस जवळ आला की तिचं जेवण तुटतं.

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीला हिंसा म्हणत नाही. शिवीगाळ, टोमणे, पैसे अडवून ठेवणं, मनाविरुद्ध जवळ येणं, हेही त्यात आहे.

आता विचारायचं कसं? ती एकटी असताना. बाळाला तेल लावताना, दुपारी सगळे बाहेर गेल्यावर. सरळ विचारा, "बाय, तिकडे तुझ्यावर कोणी हात उगारतं का? तुला भीती वाटते का?" मग गप्प बसा. तिला बोलू द्या. "तू काय केलंस?" हे विचारू नका. "मूल झालं, आता सुधारेल तो" हेही म्हणू नका.

बीडची मंजुश्री सारडा थोरल्यांना आठवत असेल. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि जूनमध्ये तिचा मृत्यू झाला. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने पत्रं लिहिली होती. ती पुढे कोर्टात वाचली गेली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुराव्याअभावी नवऱ्याला निर्दोष सोडलं. ती कशाने गेली यावर आपण बोलायला नको. पण लेकीचं दुःख ती जिवंत असताना ऐकायचं असतं, एवढं त्यातून घ्यावं.

आईबापांची अडचण मला ठाऊक आहे. गटात बायका सांगतात, "ताई, तिला ठेवून घेतली तर धाकटीचं लग्न कसं होईल? सून काय म्हणेल? दोन तोंडं वाढली." आपल्याला दोनच वाटा दिसतात, परत धाडा नाहीतर जन्मभर सांभाळा. पण कायद्याने आणखी वाटा आहेत. नवऱ्याच्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. मारहाण करू नका, असा संरक्षणाचा आदेश कोर्ट देतं. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिच्यासाठी आणि बाळासाठी खर्च मागता येतो, बाळाचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

महत्त्वाचं म्हणजे, सासर पुण्याला असो की पनवेलला, लेक आत्ता तुमच्याकडे राहत असेल तर अर्ज इथल्याच कोर्टात करता येतो. तालुक्याचे संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. ते कुठे बसतात ते अंगणवाडीताईंना विचारा. बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा.

जखम असेल तर सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. कोणी, कधी, कशाने मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. पोटावर मार बसला, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली किंवा कोणी गळा दाबला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८.

निर्णय मात्र लेकीचा. जाते म्हणाली तर रागावू नका, तयारीने पाठवा. आधार, बँकेचं पुस्तक, बाळाचे कागद यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. थोडे पैसे तिच्याजवळ वेगळे असू द्या. एक खुणेचं वाक्य ठरवा. "आई, लोणचं संपलं" असं ती म्हणाली की समजायचं, न्यायला या. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात शिरू नको, बाहेरच्या दाराजवळ राहा, हेही सांगा. शेजारची एक भरवशाची बाई हेरून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात एकदा बापाने जाऊन यावं. लेकीच्या मागे माणसं आहेत हे सासरी दिसलं पाहिजे.

गटाच्या येत्या मिटिंगला दोन नंबर सगळ्यांनी लिहून घ्या. महिला हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं तर पोलीस ११२. आणि सध्या कोणाकोणाची लेक बाळंतपणाला आली आहे, तेही एकमेकींना विचारा. तिला बघायला जाताना बाळाला झबलं न्याल, तेव्हा घडीभर तिच्याजवळही बसा.