ताटातली कोळंबी, गादीतली धूळ



रत्नागिरीत कोळंबी खाऊन कोणाच्या अंगावर गांधी उठल्या की घरातली जाणती बाई दोन गोष्टी सांगते : अंगाला आमसुलाचं पाणी लाव, आणि यापुढे मासळी बंद. आमसुलाबद्दल माझी तक्रार नाही. मला आज दुसऱ्या सल्ल्याविषयी बोलायचं आहे, कारण किनाऱ्यावरच्या माणसाच्या ताटातून सगळी मासळी काढून घेणं ही लहान शिक्षा नव्हे आणि बहुतेक वेळा तिची गरजही नसते.

१९९३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कोळंबीच्या वावड्यामागचं मुख्य प्रथिन म्हणजे तिच्या स्नायूतलं ट्रोपोमायोसिन. हे काम त्यांनी कुठल्या परदेशी जातीवर केलं नाही. आपल्या बाजारात येणारी पांढरी कोळंबीच त्यांनी घेतली होती. हे प्रथिन उकळूनही टिकतं, म्हणून कालवण कितीही शिजवलं तरी वावडं जात नाही. खेकड्यात आणि शेवंडातही ते जवळजवळ तसंच असतं. बांगडा, सुरमई, पापलेट मात्र कण्याचे प्राणी. त्यांचं ट्रोपोमायोसिन आपल्या स्वतःच्या ट्रोपोमायोसिनाशी इतकं मिळतंजुळतं आहे की शरीर त्याला सहसा परकं मानत नाही. माशांच्या वावड्याचं मुख्य प्रथिन वेगळं, पार्व्हअल्ब्युमिन नावाचं. म्हणजे कोळंबी न सोसणाऱ्या माणसाला बांगडा खुशाल पचू शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासून घेता येतं आणि तपासून घ्यायलाच हवं.

हेच ट्रोपोमायोसिन आपल्या घरातल्या झुरळात आहे आणि गादीच्या धुळीतल्या माइटमध्येही आहे. माइट हा कोळ्याच्या जातकुळीतला जीव, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आपल्या कातडीचा गळणारा कोंडा तो खातो आणि पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात घेतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचं मूळ या जीवाशी नेऊन भिडवलं. दमट घरांत तो जास्त सापडतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने न वाळणारे कपडे, पोटमाळ्यावर रचलेल्या गोधड्या, भिंतींवर बुरशी. माइटला याहून चांगलं घर कुठे मिळणार? श्रावणात शिंका आणि धाप यांनी रात्र रात्र बसून काढणाऱ्या मुलांना आपण ‘सर्दीची प्रकृती’ म्हणून सोडून देतो. त्यातल्या कितींचं दुखणं उशीत आहे, हे उशी तपासल्याशिवाय कसं कळणार?

माइट आणि कोळंबी यांचं हे नातं दाखवणारा एक सुंदर अभ्यास झाला. धर्माच्या नियमामुळे ज्यांनी कोळंबी कधी चाखलीही नव्हती अशा, पण माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या ज्यू लोकांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. उद्या आपल्याकडच्या एखाद्या माळकऱ्याच्या रक्तात तसंच दिसलं तर मला नवल वाटणार नाही. म्हणून रक्ततपासणीचा कागद हाती आला की तो फार सावधपणे वाचा. बंगळूर आणि म्हैसूरच्या प्रौढांची मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं होती, पण प्रत्यक्ष वावडं असण्याची शक्यता होती ती १.२ टक्क्यांत. तरी आज वीस-वीस पदार्थांच्या याद्या हातात घेऊन पालक दूध, अंडं, गहू, शेंगदाणे सगळंच बंद करतात आणि मूल वाळत जातं. भीतीपोटी टाळण्याने उलट नुकसान होऊ शकतं, हे लंडनच्या २०१५ च्या अभ्यासाने दाखवलं : ज्या तान्ह्यांना शेंगदाण्याच्या वावड्याचा धोका जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा नियमित खाऊ घातल्यावर पाचव्या वर्षी वावडं सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळलं. त्या बाळांना आधी तपासून घेतलं होतं आणि अख्खा दाणा दिला नव्हता, हेही ध्यानात ठेवा.

काजूबद्दल बोलल्याशिवाय या जिल्ह्यात भाषण पुरं होणार नाही. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं, आणि ते काजू फोडणाऱ्या बायकांचे हात सोलवटून काढतं. आंब्याच्या चिकाने अंगावर उठणारे चट्टेही याच प्रकारच्या रसायनांचे. दिवसभर बिया फोडणाऱ्या बाईचं दुखणं कोणाच्या संशोधनपत्रिकेत सहसा येत नाही, आणि तिला हातमोजे न देणारा मालक माझ्या लेखी दोषी आहे. काजूगर खाऊन येणारं वावडं निराळं. ते प्रथिनांचं असतं आणि जिवावर बेतू शकतं. गिळताना घसा आवळला, धाप लागली, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय, आणि जवळच्या दवाखान्यात ते ठेवलेलं आहे ना, हे आधीच विचारून ठेवा.

बंद खाद्यपदार्थांच्या पाकिटावर कवचधारी मासळी, दूध, शेंगदाणे, सुकामेवा यांचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे. लग्नाच्या पंगतीत, खानावळीत, सुट्या फरसाणात मात्र ते कोण सांगणार? तिथे तुम्हीच बोललं पाहिजे.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पुढे शिकतील, काही प्रयोगशाळेत, काही शाळेत, काही घरच्या बागेत जातील. प्रत्येकाकडे माझी एकच मागणी आहे. येत्या मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, तुमच्या वाडीतल्या दहा घरांच्या गाद्यांवरची धूळ वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली माइट मोजा आणि त्या घरांत दमा किंवा शिंका कोणाला आहेत हे परवानगी घेऊन लिहून ठेवा. आकडे आपल्या जुन्या विभागाकडे पाठवा. या जिल्ह्याच्या मुलांचं दुखणं कशात आहे, ते इथल्याच आकड्यांवरून ठरू द्या.