आतली कडी
(बदलापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘सायबर सुरक्षा’ असं मुद्दामच सांगितलं नाही. त्या नावाच्या व्याख्यानात काय असतं ते तुम्हाला आता तोंडपाठ आहे. ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. मध्यंतरी तर फोन लावला की रिंग वाजायच्या आधी हेच ऐकावं लागत होतं. मला बोलायचंय ते दुसऱ्या टोकाकडून. राखणीसाठी म्हणून जे सॉफ्टवेअर आपल्या मशीनमध्ये येऊन बसतं आणि नंतर मालकाचंच ऐकेनासं होतं, त्याबद्दल.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात मी कॉम्प्युटरची देखभाल करतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले जीन्सचे कारखाने, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली वर्कशॉप, इथली कर सल्लागारांची ऑफिसं, अशी गिऱ्हाइकं. माणसं वेगळी, धंदे वेगळे, पण मी दारात दिसलो की मागणी एकच: ‘ते अँटीव्हायरस आधी बंद करा.’ उल्हासनगरात तीच हिंदीत येते, ‘भाई, ये पहले हटाओ.’

तक्रार खोटी नसते. महिन्याची वीस तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. मशीन जुनं, रॅम चार जीबी, आत फिरती हार्ड डिस्क. नेमकं त्याच दुपारी स्कॅन सुरू होतं. डिस्क शंभर टक्क्यांवर जाते, टॅली गोठते आणि अकाउंटंट बाई माझ्याकडे अशा बघतात की जणू स्कॅन मीच लावलंय. ते थांबवायचं तर पासवर्ड लागतो. पासवर्ड मागच्या वर्षी दुसऱ्याच कुणी टाकलेला असतो आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो.

जीन्सच्या कारखान्यातलं दुखणं निराळं. तिथे कापडावर मार्कर आखायचं सॉफ्टवेअर पुष्कळदा क्रॅक केलेलं असतं. अँटीव्हायरस त्यातली एक फाइल उचलतो, बाजूला कोंडून ठेवतो आणि कटिंग बंद पडतं. उल्हासनगरच्या मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तिथले सिंधी व्यापारी स्वतःच हसत सांगतात, त्यामुळे क्रॅकची फारशी लाजही कुणाला नसते. क्रॅकबरोबर येणाऱ्या सूचनांत पहिलीच ओळ असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. चोरानं घरमालकाला लिहून दिलेली ही सूचना आपण आज्ञाधारकपणे पाळतो. त्या फाइलीत नुसता क्रॅक आहे की आणखी काही, हे ती चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

हे सॉफ्टवेअर पहिल्यापासून इतकं चिवट नव्हतं. यातला एक मोठा धंदा आपल्याच राज्यात उभा राहिला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, तिथून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. गिऱ्हाइकांची मशीनं व्हायरसनं बंद पडताना पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावरचा प्रोग्रॅम लिहिला. तो क्विक हील. 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. नव्वदच्या दशकात फ्लॉपीतून व्हायरस यायचा, आणि तो काढायचा प्रोग्रॅमही फ्लॉपीतूनच यायचा. आपण तो चालवायचा, तो डिस्क तपासायचा, साफ करायचा आणि संपायचा. बोलावल्यावर येणारा नि काम झालं की जाणारा. पुढे इंटरनेट चोवीस तास जोडलं गेलं आणि हा पाहुणा घरातच राहायला आला. विंडोजच्या अगदी गाभ्यात त्याची बैठक झाली, मशीन सुरू होताना जागा होणाऱ्यांत तो पहिल्या काहींतला एक.

मग तो बंद का होत नाही? याचं उत्तर आपल्याला चिडवणारं असलं तरी खरं आहे. खंडणीखोर टोळ्या कुठल्याही नेटवर्कमध्ये शिरल्या की फाइलींना कुलूप लावण्याआधी अँटीव्हायरस बंद पाडायचा प्रयत्न करतात. त्यासाठी त्या ॲडमिनचा पासवर्ड मिळवतात, म्हणजे मशीनच्या दृष्टीनं त्या मालकच असतात. मार्च 2021 मध्ये खुद्द एमआयडीसीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह राज्यभरातल्या 16 प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. इथे बसलेल्यांपैकी कुणाचा अंबरनाथला किंवा बदलापूरला प्लॉट असेल, तर ते दिवस आठवत असतील. त्याच्या जवळपास चार वर्षं आधी, जून 2017 मध्ये, नोटपेट्या नावाच्या हल्ल्यानं न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं एक टर्मिनल बंद पाडलं होतं.

या चोरांना अडवायला मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आणलं. त्याची रचना मला आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो. पूर्वी रजिस्ट्रीतली एक नोंद बदलली किंवा एक आज्ञा चालवली की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, निमूटपणे झोपी जायचा. आता असा आडून आलेला बदल तो जुमानत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र ॲडमिननं स्वतः विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडून त्यातलं बटण सरकवलं, तर ते सरकतं. राखण तात्पुरती बंद केली तर थोड्या वेळानं ती आपोआप परत सुरू होते, त्यावरून माझी गिऱ्हाइकं मला शिव्या घालतात ते सोडा. घराच्या दाराला आतून कडी असते. बाहेरच्याला ती काढता येऊ नये आणि आतल्याला काढता यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. टॅम्पर प्रोटेक्शन ही अशी कडी आहे. बंद करायला त्रास पडतो ही माझी तक्रारच नाही. कडी दाराच्या कोणत्या बाजूला बसवली आहे, एवढंच मी बघतो.

आणि पुष्कळ कंपन्यांनी ती बाहेरून बसवली आहे.

नवा लॅपटॉप घेतला की त्यात तीस किंवा साठ दिवसांचा फुकट अँटीव्हायरस आलेला असतो. मुदत संपली की तो राखणीपेक्षा रिन्यूअलची आठवण जास्त इमानानं करतो. ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ असं लाल अक्षरांत लिहून येतं तेव्हा ती खबर असते की जाहिरात, हे आमच्यासारख्यांनाही पटकन कळत नाही. काढायला जावं तर तुकडे मागे राहतात. म्हणून या कंपन्या स्वतःच काढून टाकण्याचा वेगळा प्रोग्रॅम देतात. जे काढायला दुसरं सॉफ्टवेअर लागतं ते घालताना कुणी तुम्हाला विचारलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. जॉन मॅकॲफी यांनी स्वतःच्या नावाची अँटीव्हायरस कंपनी सोडून दोन दशकं होत आली होती तरी लोक त्यांनाच विचारायचे की हे काढायचं कसं. वैतागून त्यांनी 2013 मध्ये त्यावर एक व्हिडिओ काढला. तो सहकुटुंब बघण्यासारखा नाही, म्हणून वर्णन करत नाही.

याहून गंभीर प्रकार सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत झाला. तिथल्या सरकारनं कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटीव्हायरसवर बंदी घातली होती. मुदत जवळ आली तशी एका सकाळी कित्येक लोकांच्या मशीनमधून कॅस्परस्की स्वतःहून नाहीसा झाला आणि त्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं कधी न ऐकलेलं सॉफ्टवेअर येऊन बसलं. कंपनीनं ईमेल पाठवले होते म्हणे. पण मशीनवर ‘हो’ किंवा ‘नाही’ असा प्रश्न आलाच नाही. व्हायरस आल्यावर मशीन जसं वागेल तसंच ते वागलं. तुमची मुलं-सुना तिकडे असतील तर विचारा, एखाद्याच्या घरी हे घडलेलं असेल.

गाभ्यात बसलेला चुकला तर काय होतं, तेही आपण पाहिलं. 19 जुलै 2024 च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट बिघडलेलं निघालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं 85 लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी माणसाला एकेका मशीनपाशी जाऊन बसावं लागलं. माझ्या गिऱ्हाइकांकडे इतकं महागडं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून त्या दिवशी मी निवांत होतो. गरिबीचेही फायदे असतात.

आता फोनकडे येतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांचा कॉम्प्युटर खिशात आहे. 28 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या दूरसंचार विभागानं फोन बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला: 90 दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून असलं पाहिजे, आणि बनून तयार असलेल्या फोनांत ते अपडेटमधून पोचवावं. त्यात आणखी एक अट होती, ॲपच्या सुविधा बंद किंवा मर्यादित केलेल्या नसाव्यात. 1 डिसेंबरला बातमी फुटली आणि गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया यांनी सांगितलं की नको असेल त्यानं ॲप काढून टाकावं. 3 डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली.

संचार साथी वाईट नाही, हे मी ठामपणे सांगतो. आपल्या लोकलमध्ये फोन मारला जातो हे इथे कुणाला सांगायला नको. चोरीचा फोन त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून देशभर निकामी करण्याची सोय सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा मुंबईतच सुरू झाली. ती आज संचार साथीवर आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डं काढली गेलीत हेही तिथे दिसतं. घरी जाऊन जरूर बघा. वेबसाइटवर बघितलं तरी चालतं, ॲप लागतंच असं नाही. चोरीच्या फोनचे आयएमईआय बदलून ते बाजारात विकले जातात, त्याला आळा घालायला हे हवं, हे सरकारचं म्हणणंही पोकळ नव्हतं.

माझं भांडण त्या एका अटीशी होतं. मंत्री ‘काढून टाका’ म्हणाले आणि आदेश ‘सुविधा बंद करता कामा नयेत’ म्हणत होता. कंपनीचा इंजिनिअर या दोन्हींतलं काय ऐकणार होता? त्यानं लेखी आदेशच ऐकला असता. आणि एकदा फोनच्या गाभ्यात कुणाच्या तरी नावाची कायमची जागा तयार झाली की आत काय आहे हे पुढच्या प्रत्येक अपडेटला बदलू शकतं. आजचं ॲप चोरी शोधतं, याची ग्वाही आजपुरतीच असते. लोक ओरडले, सक्ती गेली, हे चांगलं झालं. पण ओरडले ते कोण? ज्यांना असल्या बातम्या वाचायला सवड असते ते, म्हणजे आपण.

ज्यांच्या फोनला बाहेरून कडी आधीच लागलेली आहे, ते ओरडताना दिसत नाहीत. उल्हासनगरच्या मोबाइल बाजारात हप्त्यानं फोन घेतला की काही वेळा त्यात कर्ज देणाऱ्याचं लॉकचं ॲप टाकून मिळतं. हप्ता चुकला की फोन बंद. साधं ॲप असतं तसं ते काढता येत नाही, आणि काही फोनांत तर फॅक्टरी रिसेट मारला तरी जात नाही, कारण त्याची सोय फोनच्या मूळ रचनेतच असते. तांत्रिकदृष्ट्या ही टॅम्पर प्रोटेक्शनची सख्खी बहीण आहे. फरक इतकाच की इथे चोर म्हणून फोन हातात धरणारा माणूस गृहीत धरलाय. रिझर्व्ह बँकेनं 2024 मध्ये हे थांबवायला सांगितलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये बातम्या आल्या की कर्जदाराची संमती घेऊन आणि फोनमधल्या माहितीला हात न लावता ते पुन्हा करू द्यावं, असा विचार चालू आहे.

संमती म्हणजे दुकानात टेकून, इंग्रजी मजकूर खाली ओढत, शेवटी उमटवलेला अंगठा. अंगठा उमटवणारा हा पार्सल पोचवणारा मुलगा असतो, किंवा जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम करणारा. फोन बंद झाला की त्याची ऑर्डर बंद, यूपीआय बंद, ठेकेदाराचा फोन बंद, म्हणजे ज्या कमाईतून हप्ता द्यायचा तीच बंद. तो माझ्याकडे येतो नि म्हणतो, ‘भाऊ, एवढं काढून द्या.’ ते काढता येत नाही, आणि येत असतं तरी कर्ज त्यानं घेतलेलं आहे, हेही खरं आहे. मी त्याला एवढंच सांगतो की आधी हप्ता कितीचा थकलाय ते बघू, आणि पुढचा फोन घेताना तो कागद माझ्याकडे घेऊन ये, सही करायच्या आधी.

आता प्रश्न घेऊ या. पण पहिल्या रांगेतले काका हातात फोन घेऊनच उभे राहिलेत, त्यांच्यापासून सुरुवात करतो.