पोढी आणि फुटका नळ

जुन्नरच्या लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला एक लेख कातळावर कोरलेला आहे. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या, म्हणजे पाण्याचीं दोन टाकीं, दान दिल्याची ती नोंद. पाणी देणाराचें नांव दगडावर राहावें, इतकें पाणी त्या काळीं मोलाचें होतें.

जुन्नर व आंबेगांव हे तालुके सह्याद्रीच्या कुशींत आहेत. पश्चिमेकडे पाऊस मुसळधार कोसळतो. पण तो उतारावरून निघून जातो आणि उन्हाळ्यांत डोंगरांतल्या वाड्यांवरील बायांना हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे हीं पांचही धरणें याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या पाण्यावर पार सोलापूर जिल्ह्यांतील करमाळ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात.

अशा टंचाईच्या दिवसांत एखादा गृहस्थ पहाटे घराबाहेर पडतो, तों नळाची वाहिनी फुटून पाणी गटारांत चाललेलें दिसतें. तो कचेरींत वर्दी देतो. 'माणूस पाठवितों,' असें उत्तर मिळतें. दुसऱ्या दिवशीं पाणी तसेंच वाहात असतें. त्याच्या घरीं मात्र नळ एक दिवसाआड येतो, आणि धुण्याचें पाणी झाडांना घालून घरच्या माणसांनीं तांब्या तांब्या वांचविलेला असतो. ती सारी काटकसर आपल्या डोळ्यांदेखत मातींत जाते, याचा त्याला संताप येतो.

हिशेब साधा आहे. मिनिटास एक लिटर पाणी गळलें, तर दिवसाकाठीं १,४४० लिटर होतें. खेड्यांत माणशीं रोज ५५ लिटर पाणी मिळावें, असें २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनचें प्रमाण आहे. म्हणजे एवढ्याशा गळतींत २६ माणसांचें दिवसाचें पाणी गेलें!

यास उपाय अवघड नाहीं. गळती कोठें कळवावी, ती किती तासांत बुजेल आणि तें काम कोणाकडे आहे, हें पालिकेनें चौकांत फलकावर लिहावें. नागरिकांनींही आपल्या गच्चीवरील टांकी भरून वाहात नाहीं ना, हें पाहावें. कारण पालिकेला बोल लावणाराच्या घरूनही पुष्कळदा पाणी वाहतें.

पाणी देणाराचें नांव कातळानें शतकानुशतकें जपलें. वाहून जाणारें पाणी थांबविण्याचें काम कोणाचें, एवढें तरी एका फलकानें सांगावें.