चित्रांतलें मांजर आणि घरांतलें मूल

मराठी घराला मांजर नवें नाहीं. वाघाची मावशी म्हणून तें गोष्टींत येतें, षष्ठीदेवीचें वाहन म्हणून पाळण्यापाशीं येतें, आणि दुधाचा वास लागला कीं कोणी न बोलावतां स्वयंपाकघरांतही येतें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या प्राण्यानें घरांत शिरण्याची एक अगदींच निराळी वाट शोधून काढली आहे. ही वाट मोबाइलच्या कांचेंतून जाते. पांच-सहा वर्षांची मुलगी हातांतल्या पडद्यावरील पिलाला भरविते, न्हाऊं घालते, दिवा मालवून निजविते आणि शाळेंतून परत आल्यावर पाठीवरचें दप्तर उतरण्यापूर्वीं त्याची चौकशी करते. घरांतील वडील मंडळी हें पाहून एक तर हसतात, नाहीं तर रागावतात. दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. ज्या पिलाला जीव नाहीं त्याच्यासाठीं मुलाचा जीव तुटतो, याचा अर्थ काय, हा प्रश्न शांतपणें विचारण्याजोगा आहे.

या पिलाचें कूळ फारसें जुनें नाहीं. १९८९ सालीं मॅकिंटॉश संगणकावर 'नेको' नांवाचें एक छोटें मांजर अवतरलें. नेको या जपानी शब्दाचा अर्थच मुळीं मांजर. पडद्यावरचा बाण जिकडे जाई तिकडे तें त्याच्यामागें धांवे, आणि बाण थांबला कीं झोपी जाई. त्याला भूक नव्हती कीं आजार नव्हता. तो केवळ कौतुकाचा विषय होता. पुढें १९९६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील पीएफ मॅजिक या कंपनीनें 'कॅट्झ' हा खेळ काढला. त्यांत मांजर आपल्या पसंतीनें निवडून घेऊन सांभाळावयाचें होतें. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबर रोजीं जपानमध्यें बांदाय या कंपनीनें 'तामागोची' विकावयास काढली. अकिहिरो योकोई आणि अकी माइता हीं तिच्या जनकत्वाशीं जोडलीं गेलेलीं नांवें. अंड्याच्या आकाराच्या त्या खेळण्याला तीन बटणें होतीं. आंतला जीव मांजराचा नव्हता, एक काल्पनिक प्राणी होता; पण त्यानें घालून दिलेली रीत पुढच्या अनेक चित्रमांजरांनीं उचलली. त्याला भूक लागे, त्याची घाण काढावी लागे, आणि दुर्लक्ष झालें तर तो चक्क मरे! त्यामुळें मुलें तें खेळणें शाळेंत नेऊं लागलीं आणि पुष्कळ शाळांना त्यावर बंदी घालावी लागली. २०११ सालीं निन्टेंडो कंपनीनें आपल्या कुत्र्यांच्या प्रसिद्ध खेळाच्या नव्या आवृत्तींत मांजराच्या पिलांनाही जागा दिली. २०१३ सालीं, मूळ स्लोव्हेनिया देशांत स्थापन झालेल्या आउटफिट सेव्हन या कंपनीचा 'माय टॉकिंग टॉम' आला. आपल्याकडील मुलांच्या ओळखीचें मांजर बहुधा हेंच.

या खेळांच्या आंत शिरून पाहिलें, तर तेथें मांजर कोठेंच सांपडत नाहीं; सांपडतात ते आंकडे. एक आंकडा भुकेचा, एक झोपेचा, एक स्वच्छतेचा, एक आनंदाचा. पूर्वीं लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र वापरीत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवीत. पाणी हळूहळू आंत शिरे आणि ठरलेल्या वेळीं ती बुडे. चित्रांतल्या पिलाची भूक ही अशीच एक वाटी आहे. घड्याळाबरोबर आंकडा उतरत जातो, खाणें दिलें कीं वर चढतो, आणि ठराविक मर्यादेखालीं गेला कीं रडवेल्या तोंडाचें चित्र पुढें येतें. त्या चित्रामागें दुःख नाहीं, वेदना नाहीं. फक्त वजाबाकी आहे.

इतकें कळल्यावर कोणीही म्हणेल, 'मग हें सगळेंच खोटें!' परंतु येथें थोडें थांबलें पाहिजे. भातुकलींतला भात वाळूचा असतो म्हणून भातुकली खेळणाऱ्या मुलीला कोणी वेडी म्हणत नाहीं. पिल्लू खोटें असलें तरी त्याच्याविषयींची कळकळ खोटी ठरत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठाच्या प्राध्यापिका शेरी टर्कल यांनीं मुलें आणि संगणक यांच्या संबंधांचा अनेक वर्षें अभ्यास केला आहे. अशा खेळण्यांविषयीं त्यांचें सांगणें थोडक्यांत असें कीं, खेळणें हुशार असतें म्हणून मूल त्याच्यावर माया करीत नाहीं. तें आपली काळजी घ्या म्हणून मागणी करतें, म्हणून मूल गुंततें. मनुष्य ज्याला जपतो त्याच्यावर त्याचें प्रेम जडतें. १९९७ सालीं योकोई व माइता यांना थट्टेनें दिल्या जाणाऱ्या 'इग नोबेल' पारितोषिकांपैकीं अर्थशास्त्राचें पारितोषिक मिळालें. कारण काय, तर लोकांच्या कामाचे लक्षावधि तास त्यांनीं कल्पित प्राण्यांच्या संगोपनाकडे वळविले! थट्टा खरीच होती. पण वात्सल्याला ओतावयास जागा मिळाली कीं तें पात्राची परीक्षा करीत बसत नाहीं, ही गोष्टही तींत दिसून आली.

तेव्हां दोष मुलाच्या मायेंत नाहीं. दोष असलाच तर त्या मायेला जें वळण लागतें त्यांत आहे, आणि तो तीन ठिकाणीं दिसतो.

पहिली गोष्ट, चित्रांतलें पिल्लू आपली गरज स्पष्ट सांगतें. भुकेची खूण निराळी, झोपेची निराळी. जिवंत मांजर याच्या अगदीं उलट वागतें. दुखणें लपविणें हा त्याचा स्वभाव आहे. तें कोपऱ्यांत जाऊन बसतें, अंग चाटावयाचें सोडतें, पाण्याला तोंड लावीत नाहीं. आणि या मुक्या खुणा ओळखण्यासाठीं खूण-चित्रें नव्हे, लक्ष लागतें.

दुसरी गोष्ट, खेळांत चुकीची भरपाई होते. तामागोची मरत असे. जपानी खेळण्यांत तिचें थडगें दिसे, अमेरिकेसाठीं त्याऐवजीं पंख असलेला देवदूत दाखविण्यांत आला. पण टॉम मरत नाहीं, आणि निन्टेंडोचीं पिल्लें म्हातारींही होत नाहींत. आठ दिवसांनीं आठवण झाली तरी टॉम तेथेंच असतो. भरविलें, न्हाऊं घातलें कीं पुन्हां पहिल्यासारखा. जिवंत पिल्लू इतकें उदार नसतें. अगदीं लहान पिल्लू एक दिवस उपाशी राहिलें तरी त्याच्या जिवावर बेततें.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. खऱ्या पिलाची भूक निसर्गानें ठरविलेली असते. चित्रांतल्या पिलाची भूक खेळ विकणारा ठरवितो. मूल दुसऱ्या कामांत असतां पडद्यावर निरोप उमटतो कीं पिल्लू वाट पाहत आहे. मूल धांवतें. तेथें जाहिराती असतात आणि खऱ्या पैशानें घेतां येणारीं नाणीं असतात. मुलाच्या दयेची घंटा दुसऱ्याच कोणाच्या हातांत असावी, ही गोष्ट आईबापांनीं विसरूं नये.

हें सारें केवळ तत्त्वचर्चेपुरतें राहिलें असतें तर बोलण्याची गरज नव्हती. परंतु पावसाळ्यांत जिन्याखालीं एखादें पिल्लू ओरडत असतें, आणि पडद्यावर शंभर वेळां टॉमला भरविलेलें मूल मोठ्या विश्वासानें त्याच्याकडे जातें. टॉमला फळेंही चालतात आणि गोडधोडही चालतें. या पिलाला चालत नाहीं. गाईचें दूध पुष्कळ मांजरांना पचत नाहीं, त्यानें हगवण लागते. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दूधपोळी प्रेमाची खरी, पण पोषणाची नव्हे. मांजर हें मांसाहारीच आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला अन्नांतून मिळावें लागतें, आणि तें न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें. कांदा-लसूण त्याचें रक्त बिघडवितो. तापावर माणूस सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊं शकते. सात ते चौदा दिवसांत पिलाचे डोळे उघडतात. पहिले कांहीं आठवडे तर आईनें चाटल्याखेरीज त्याला मलमूत्र-विसर्जनही साधत नाहीं. म्हणून आई जवळपास असेल तर पिल्लू उचलण्याची घाई करूं नये, आणि आठ आठवड्यांपूर्वीं त्याला तिच्यापासून तोडूं नये.

यावर कोणी म्हणेल, मग मुलाच्या हातांतून तो खेळ काढून घ्यावा काय? तशी आवश्यकता नाहीं. ज्या घरांत कोणाला दमा आहे, जागा भाड्याची आहे, दिवसभर घरांत माणूस नाहीं, तेथें खरें पिल्लू आणणें हाच त्याच्यावर अन्याय होईल. अशा ठिकाणीं चित्रांतलें पिल्लू भातुकलीइतकें निर्दोष आहे. मात्र त्याची वेळ घरानें ठरवावी, निरोपाच्या घंटेनें नव्हे, आणि पैशाचें दार बंद असावें. मोठ्यांनीं मुलाची थट्टा न करतां 'आज त्याला काय झालें होतें?' असें विचारावें, आणि मग 'आपल्या गल्लींतल्या मनीला काय झालें असेल?' हा पुढचा प्रश्न घालावा. उन्हाळ्यांत अंगणाच्या कडेला पाण्याची एक पसरट वाटी ठेवणें, पिल्लू आजारी दिसल्यास गुरांच्या दवाखान्यांत नेणें, पाळावयाचें ठरल्यास लस टोंचून घेणें व वेळेवर निर्बीजीकरण करणें, इतकें साध्या गृहस्थालाही जमण्यासारखें आहे. त्या कामांत मुलाला हात लावूं द्यावा.

ती वाटी भरून ठेवल्यावर मनी येईलच असें नाहीं. आली तरी पाणी पिऊन मागें न पाहतां निघून जाईल. तिच्याकडून नाणें मिळणार नाहीं, कीं आनंदाचा आंकडा वर चढतांना दिसणार नाहीं. आणि तरीही दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें आपण होऊन ती वाटी पुन्हां भरली, तर चित्रांतल्या पिलावर घालविलेला वेळ फुकट गेला नाहीं असें खुशाल समजावें.