रक्त किती वाजता घेतलं?

मैत्रिणींनो, मी वर्दीतली बाई. रात्रीच्या नाकाबंदीत पिऊन गाडी चालवणारे पकडते. कायदा सांगतो, अटकेपासून २ तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडायचं. नेमके त्या २ तासांतच फोन येतात, ‘घरचं पोरगं आहे, सांभाळून घ्या.’ पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण माझ्यासमोरचे बहुतेक जण कोर्टात १०,००० रुपये दंड भरून मोकळे होतात. पुष्कळदा तो भरायला बायको येते, भिशीचे पैसे घेऊन. प्यायला तो, शिक्षा तिला.

२००६ साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले ७ मजूर मोटारीखाली मेले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने दिले सहा महिने. उच्च न्यायालयाने ३ वर्षं केली, तीच सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम ठेवली. जिवामागे सहा महिनेही नाहीत!

माझं एकटीचं बळ अपुरं पडतं. म्हणून मागणं एवढंच: अपघात पाहिलात तर साक्षीला उभ्या राहा. ठाण्यावर या, विचारा, ‘रक्त घेतलं का? किती वाजता?’ मग वरून फोन आला, तर ‘साहेब, दारात बाया बसल्यात’ असं मला सांगता येईल.