लंडनचा सूर्य आणि पाच वेळची नमाज

ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या मुस्लिम विद्यार्थ्याची पहिली ओढाताण होते ती सूर्याशी. नमाजाच्या पाचही वेळा सूर्यावर बांधलेल्या आहेत. मुंबईत सूर्यास्त वर्षभरात जेमतेम सव्वा तासाने मागेपुढे होतो. लंडनमध्ये डिसेंबरात तो चारच्याही आधी आणि जूनमध्ये सव्वानवानंतर. त्यामुळे हिवाळ्यात जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा बारा ते चारच्या दरम्यान, ऐन तासिकांच्या वेळी येतात. उन्हाळ्यात रात्रीची इशा अकराच्या सुमारास आणि पहाटेची फजर तीनच्या आगेमागे, म्हणजे झोप मधल्या फटीत. शिवाय जूनच्या आसपास लंडनच्या आकाशात पूर्ण काळोख होतच नाही. मग इशा नेमकी कधी सुरू झाली म्हणायचे, यावर एकाच शहरातल्या दोन मशिदींची वेळापत्रके वेगळी निघतात.

महाराष्ट्रातून आलेल्यांत आणखी एक भेद आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे, तर देशावरचे आणि विदर्भातले बहुतांशी हनफी. हनफी पंथात असरची वेळ उशिरा लागते. जूनमध्ये लंडनला हे अंतर तासाहून अधिक. रत्नागिरीचा आणि नागपूरचा विद्यार्थी एकाच खोलीत राहूनही वेगवेगळ्या वेळी चटई अंथरतात. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशाही बदललेली असते: घरी पश्चिमेकडे असलेली मक्का इथे आग्नेयेला असते.

रमजानचे गणित मराठी माणसाला चटकन समजेल. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये आला; लंडनचा रोजा अठरा तासांहून मोठा आणि परीक्षाही त्याच सुमारास. फेब्रुवारीतल्या रमजानात तोच रोजा साधारण बारा तासांचा असतो.

जेवणाचा प्रश्न त्या मानाने सोपा. मोठ्या शहरांत हलाल मटण मिळते आणि मासळीला तर ती अडचणच नाही. खरी गंमत पाकिटांवरच्या बारीक अक्षरांत. जिलेटिन कुठल्या प्राण्याचे, चीजमध्ये काय, हे मुस्लिम विद्यार्थी आणि त्याचा शाकाहारी मराठी मित्र एकाच चिकाटीने वाचतात. दारूबद्दल मात्र शाकाहारी खूण काही सांगत नाही. आणि सत्राच्या सुरुवातीच्या ओळखी बऱ्याचदा पबमध्येच होतात. तिथे न गेलेला विद्यार्थी कुणाच्या लक्षात न येता गटाबाहेर राहतो. नमाजाची जागा मागता येते, ही उणीव कुठल्या अर्जात लिहायची?

बदरुद्दीन तय्यबजी 1860 मध्ये मुंबईहून शिकायला इंग्लंडला गेले, तेव्हा तिथे मशीद म्हणून बांधलेली एकही इमारत नव्हती. पहिली 1889 मध्ये वोकिंगला उभी राहिली, भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या देणगीतून. जंजिऱ्याच्या बेगमांची बहीण अतिया फैजी 1906 मध्ये अध्यापनशास्त्र शिकायला लंडनला आली. तिथली तिची उर्दू रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने निघाली. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत नमाजाची खोली आणि विद्यार्थ्यांची इस्लामिक सोसायटी असते. अशा सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ 1960 च्या दशकापासून आहे. तरी नमाजाआधीच्या वजूसाठी बेसिनमध्ये पाय धुताना संकोचणारा नवखा विद्यार्थी दर वर्षी दिसतोच, आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजाच्या वेळी लागलेला तासही.

इथल्या मराठी मंडळाशी या साऱ्याचा संबंध पंगतीपुरता का होईना, आहे. 2026 चा गुढीपाडवा 19 मार्चचा, म्हणजे रमजानच्या अगदी शेवटाचा. त्या तारखेला लंडनमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. असा योग आला की श्रीखंड-पुरीची पंगत तेवढी थांबवावी.