बांबूचं घर आणि हजेरीपट



गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही महिला मंडळासाठी बांबूची खोली बांधत होतो. हजेरीपट माझ्याकडे होता. बांबू निवडणाऱ्या, फोडणाऱ्या, ताटवे विणणाऱ्या आणि कुडाला माती लिंपणाऱ्या सगळ्या बाया. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, ‘मदतनीस’. भोकं पाडून बोल्ट आवळणाऱ्या दोघा पुरुषांपुढे लिहिलं, ‘कारागीर’. मजुरीतही तोच फरक. शनिवारी पैसे वाटताना एक मावशी म्हणाल्या, “ताई, बांबू जून का कोवळा, हे त्यायले कोण सांगते?”

मी निरुत्तर झाले. कारण बांबूच्या घराचं आयुष्य याच जाणकारीवर अवलंबून असतं. खांबाला आणि वाशाला तीन-चार वर्षांचा जून बांबूच लागतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते. तोडल्यावर तो बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायचा. खांब मातीत पुरायचा नाही, दगडी जोत्यावर उभा करायचा. सांधा पेराजवळ घ्यायचा, नाहीतर बांबू चिरतो. छप्पर भिंतीपुढे चांगलं बाहेर काढायचं, म्हणजे पाऊस भिंतीवर येत नाही. यातलं औषधाचं पाणी आणि बोल्ट सोडले, तर बाकीचं आम्ही या बायांकडूनच शिकलो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. २०११ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबूचा वाहतूक परवाना आला. जंगलावरचा हक्क असा लढून मिळाला. पण त्या बांबूचं घर बांधणाऱ्या बाईच्या कामाचं काय? समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला. मात्र काम ‘समान’ आहे की नाही, हे हजेरीपटावरचा एक शब्द ठरवतो. तो शब्द मी, स्त्रियांच्या हक्कांचं काम करणाऱ्या बाईने, सवयीने लिहिला होता.

तो मी खोडला. मजुरी बदलून घ्यायला मात्र पुढे दोन महिने भांडावं लागलं.

बांबूची घरं पर्यावरणाला चांगली, असं आपण सांगतो. ती बांधणाऱ्या बायांनाही चांगली असायला हवीत. म्हणून दोन गोष्टी करू या. प्रशिक्षणात बायांना टोपल्या-सुपांवर थांबवू नका, ड्रिल आणि ओळंबा त्यांच्या हातात द्या. आणि हजेरीपटावर कामाचं खरं नाव लिहा.